लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि आता आई व्हायचंय: फाईल शोधण्यापासून बाळंतपणानंतरच्या इकोपर्यंत

गोव्यात, फोंड्यातल्या एका छोट्या दवाखान्यात नाव नोंदवायला गेले तेव्हा टेबलामागच्या बाईंनी ठरलेले प्रश्न विचारले. शेवटची पाळी कधी, बीपी आहे का, साखर आहे का, आधी कसलं ऑपरेशन झालंय का. शेजारी सासूबाई बसल्या होत्या. मी म्हटलं, ‘नाही.’ ओढणीखाली, गळ्याच्या खळीपासून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत, टाक्यांची सरळ रेघ होती. वयाच्या चौथ्या वर्षी मुंबईत माझं टेट्रालॉजी ऑफ फॅलो या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालं. लग्न ठरताना घरच्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, त्याच्या आईला सांगितलं नाही.

खरं सांगायला मी पुन्हा त्या टेबलापाशी गेले ती सोळा दिवसांनी. ते सोळा दिवस मला आजही टोचतात. माझ्यासारख्या मुलींचे असे दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. औषधाचा आणि बाळंतपणाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्यासमोर काय घेऊन बसायचं आणि काय विचारायचं, ते इथे आहे.

मुळात काळजी कशाची?

आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं असतं: ‘ऑपरेशन झालं, बरी झाली.’ माझी आईही हेच म्हणायची आणि मनापासून म्हणायची. पण दुरुस्त केलेलं हृदय हे कौलं परतलेल्या घरासारखं असतं. घर गळत नाही, माणसं सुखाने राहतात, तरी दर पावसाळ्याआधी कुणीतरी वर चढून बघावं लागतं. माझ्या ऑपरेशनमध्ये फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग पॅच लावून रुंद केला. त्यामुळे मी जगले. मात्र तिथली झडप तेव्हापासून नीट मिटत नाही, थोडं रक्त मागे येतं आणि वर्षानुवर्षं उजवा कप्पा हळूहळू ताणला जातो. बसल्या जागी हे काही जाणवत नाही.

गर्भारपणात ते जाणवू शकतं. अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. हृदय दर मिनिटाला जेवढं रक्त फेकतं तेही ३० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी चढते. ही वाढ पोट दिसायच्या आधीच सुरू होते आणि साधारण २८ ते ३२ आठवड्यांच्या सुमाराला ती भरात असते. बाळ बाहेर आल्यावर गर्भाशय आवळतं आणि त्यातलं रक्त एकदम मुख्य प्रवाहात परत येतं. त्यामुळे बाळंतपणानंतरचे पहिले दोन-तीन दिवस हृदयाची खरी परीक्षा घेतात. बाळ झालं, सुटलो, असं घरच्यांना वाटतं ते नेमकं तेव्हाच.

टेट्रालॉजीची पहिली संपूर्ण दुरुस्ती १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटात झाली. म्हणजे अशी ऑपरेशनं होऊन मोठ्या झालेल्या आणि आया झालेल्या बायका फार जुन्या पिढीतल्या नाहीत. आपल्या आजीला किंवा गावच्या सुईणीला यातलं काही ठाऊक नसेल, तर तो त्यांचा दोष नव्हे.

पायरी १: फाईल शोधा

हे काम लग्नाआधी केलंत तर उत्तमच. निदान दिवस जाण्याआधी तरी करा. माझी फाईल काणकोणला माहेरी, कपाटात वडिलांच्या जमिनीच्या कागदांखाली होती. पिवळी पडली होती आणि एका कोपऱ्याला वाळवी लागली होती. तिच्यातलं एकच पान खरं कामाचं निघालं, ते म्हणजे डिस्चार्जचं. त्यात बघायचं ते असं: दोषाचं पूर्ण नाव, ऑपरेशनची तारीख, नेमकं काय केलं (पॅच, कृत्रिम नळी, झडप, की नुसती जोडणी), काय शिल्लक राहिलं आणि घरी पाठवताना कोणती औषधं दिली.

फाईल हरवली असेल तर ज्या इस्पितळात ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड विभागाला तेव्हाचं नाव, वडिलांचं नाव आणि अंदाजे साल लिहून अर्ज करा. तेव्हाचं म्हणजे लग्नाआधीचं नाव. लग्नानंतरच्या नावाने शोधलं तर काहीच सापडत नाही. तेही जमलं नाही तर अंगावरची खूण थोडंफार सांगते. छातीच्या मधोमध उभी खूण असेल तर बहुतेक ओपन हार्ट. डाव्या खवाट्याखाली आडवी असेल तर जन्मानंतर बंद व्हायची पण उघडी राहिलेली नळी बांधली असेल किंवा महाधमनीचा अरुंद भाग दुरुस्त केला असेल. छातीवर काहीच नाही आणि जांघेतून तार घालून छत्री बसवली होती असं आईला आठवत असेल, तर भोक छत्रीने बंद केलेलं. छत्री नुकतीच बसवली असेल तर दिवस राहण्याआधी साधारण सहा महिने थांबायला सांगतात.

कागद सापडला की मोबाईलवर फोटो काढा आणि नवऱ्याच्या फोनवरही ठेवा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला. आपल्या हवेत कागद टिकत नाही.

पायरी २: आपण कोणत्या गटात आहोत ते विचारा

दिवस राहण्याआधी हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि एकच प्रश्न स्पष्ट विचारायचा: ‘जागतिक आरोग्य संघटनेच्या गर्भारपणाच्या वर्गवारीत मी कुठे बसते?’ ही वर्गवारी जगभरचे डॉक्टर वापरतात. खालचे आकडे २०१८ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांमधले आहेत. आईला हृदयाचा काही त्रास होण्याची, म्हणजे ठोके बिघडणं, पाणी साचून धाप लागणं वगैरेची शक्यता किती, ते हे आकडे सांगतात. मृत्यूचे आकडे म्हणून ते वाचू नका. मी तसे वाचले आणि एक रात्र रडण्यात घालवली.

पहिल्या गटात बंद केलेलं साधं भोक किंवा बांधलेली नळी येते. शक्यता २.५ ते ५ टक्के. दुसऱ्या गटात दुरुस्त केलेली टेट्रालॉजी येते, ५.७ ते १०.५ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधल्या गटात महाधमनीचा दुरुस्त केलेला अरुंदपणा किंवा डाव्या कप्प्याचा थोडा अशक्तपणा, १० ते १९ टक्के. तिसऱ्या गटात धातूची झडप, फॉन्टन ऑपरेशन (हृदयाचा एकच मोठा कप्पा कामाचा असतो तेव्हा करतात ते) झालेल्या, किंवा ज्यांचा उजवा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो अशा बायका येतात, १९ ते २७ टक्के. चौथ्या गटात फुप्फुसातला रक्तदाब खूप वाढलेल्या आणि हृदयाची ताकद फार कमी झालेल्या बायका. त्यांची शक्यता ४० टक्क्यांच्या वर आहे आणि त्यांना डॉक्टर दिवस राहू देऊच नका असं सांगतात.

चौथ्या गटाबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण ते कुणी मोकळेपणाने बोलत नाही. ‘देवाच्या मनात असेल तर होईल’ म्हणून त्या गटातल्या बाईवर मूल लादणं म्हणजे तिचा जीव पणाला लावणं आहे. दिवस राहिलेच तर उशीर न करता विचारा. २०२१ च्या सुधारित कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. मूल दत्तकही घेता येतं, आणि ते दुय्यम नव्हे.

दोष एकच असला तरी गट बदलू शकतो. टेट्रालॉजी दुसऱ्या गटातली, पण झडप फार गळत असेल आणि उजवा कप्पा थकलेला असेल तर वरच्या गटाचा विचार करावा लागतो. म्हणून मैत्रिणीचं सुखरूप झालं यावरून आपलं ठरवू नये.

पायरी ३: दिवस राहण्याआधीच्या तपासण्या आणि औषधं

ईसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सगळ्यांना करतात. गरजेप्रमाणे २४ तास ठोके नोंदवणारी होल्टर पट्टी, पट्ट्यावर चालण्याची चाचणी आणि हृदयाचा एमआरआय. चालण्याची चाचणी झालीच पाहिजे असा आग्रह मी धरेन. इको झोपून करतात, आणि गर्भारपण काही झोपून काढायचं नसतं. काही दुरुस्ती शिल्लक निघाली, उदाहरणार्थ झडप बदलायची असेल, तर ती आधी करून घेणं सोपं पडतं.

औषधांची चिठ्ठी एकेक ओळ करून वाचून घ्या. एनालाप्रिल, रामिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्या गर्भाला घातक आहेत. स्पायरोनोलॅक्टोन, अ‍ॅमिओडॅरोन, बोसेन्टान, मॅसिटेन्टान यांबद्दलही विचारा. अ‍ॅटेनोलॉलने बाळाची वाढ खुंटू शकते, म्हणून त्याच जातीतली दुसरी गोळी देतात. यातली कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टर तिच्या जागी दुसरी देतात, आणि हा बदल दिवस राहण्याआधी करायचा असतो.

धातूची झडप असलेल्यांचा प्रश्न सगळ्यांत नाजूक आहे. वॉरफरिन किंवा एसिनोकुमॅरॉल हे रक्त पातळ करणारं औषध बाळाला ६ ते १२ आठवड्यांच्या काळात जास्त अपाय करू शकतं, विशेषतः डोस मोठा असेल तर. पण गोळी थांबवली आणि झडपेत गुठळी झाली तर आईचाच जीव जाऊ शकतो. मधला मार्ग म्हणजे कमी डोसाची गोळी चालू ठेवणं किंवा काही आठवडे हेपरिनची इंजेक्शनं आणि त्याबरोबर रक्ताच्या वारंवार तपासण्या. प्रत्येकीचा मार्ग वेगळा असतो. पाळी चुकली की त्याच दिवशी फोन करायचा, पुढच्या आठवड्यात नाही.

आणखी दोन गोष्टी, लहान वाटल्या तरी सोडू नका. एक दात. किडलेला दात आणि सुजलेली हिरडी यांतून जंतू रक्तात जाऊन हृदयाच्या आतल्या अस्तराला धरू शकतात. दिवस राहण्याआधी दात नीट करून घ्या आणि दंतवैद्याला ऑपरेशनबद्दल सांगा. काहींना दात काढण्याआधी प्रतिजैविकाचा डोस लागतो. दुसरं हिमोग्लोबिन. गर्भारपणात ते ११ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात. हिमोग्लोबिन कमी म्हटलं की हृदयाला तेवढंच काम भागवायला जास्त धावावं लागतं. लोह आधीपासून भरून घ्या.

बाळालाही दोष असेल का, हा प्रश्न मनातून जात नाही. सर्वसाधारणपणे दर शंभरातल्या सुमारे एका बाळाला जन्मजात हृदयदोष असतो. आईला असेल तर बहुतेक दोषांत हे प्रमाण शंभरात तीन ते पाचच्या आसपास जातं. म्हणजे शंभरातली पंचाण्णव किंवा जास्त बाळं निकोप. मात्र दोषामागे २२व्या गुणसूत्राचा छोटा तुकडा नसण्यासारखं जनुकीय कारण असेल तर ते बाळाकडे जाण्याची शक्यता पन्नास टक्के असते. टेट्रालॉजी असलेल्यांनी ही रक्ततपासणी करायची का, ते जरूर विचारावं.

पायरी ४: घरात सांगा

मी हे सगळं करून ठेवलं आणि तरी सासूबाईंसमोर ‘नाही’ म्हटलं. पुढे एका संध्याकाळी त्या पडवीत नारळ सोलत असताना मी समोर बसले आणि ओढणी बाजूला केली. तोंडातून शब्द फुटेना. त्यांनी खुणेकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

‘चंद्रेश्वराच्या पायऱ्या चढताना तू दोनदा बसलीस, तेव्हाच माझ्या मनात आलं होतं,’ त्या म्हणाल्या. ‘अगो, मग इतके दिवस मला का नाही सांगितलंस?’

‘माई, तुम्हाला वाटेल आम्ही फसवलं.’

‘ते वाटतंयच. पण आधी डॉक्टरला सांगायचं. आमचं भांडण मागाहून.’

भांडण झालं नाही असं नाही. पण दुसऱ्या सकाळी रिक्षात माझ्या शेजारी त्याच बसल्या होत्या. पुढे मिठाचा डबाही त्यांनीच वरच्या फळीवर ठेवला. घरात सांगितल्याने मन हलकं होतं, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रात्री दोन वाजता धाप लागली तर १०८ ला फोन लावणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते ठाऊक असतं. ज्यांना स्वतःला बोलणं जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विनंती करावी. पुढच्या भेटीला सासू किंवा नवरा बरोबर असताना ते सांगतात आणि घरची माणसं ऐकतात.

पायरी ५: बाळंतपण कुठे, आणि माहेरचा प्रश्न

पहिल्या गटातलीला जवळच्या चांगल्या इस्पितळात, म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, बाळंत होता येतं. पण निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी लेखी द्यायला हवा. दुसऱ्या गटापासून पुढे माझं मत पक्कं आहे: जिथे स्त्रीरोग, हृदयरोग, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एका आवारात आहे तिथेच. गोव्यात सरकारीमध्ये ती जागा म्हणजे बांबोळीचं गोमेकॉ, गोवा मेडिकल कॉलेज. सीमेपलीकडच्या बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीच्या बायकाही तिथेच येतात. तिसऱ्या गटाच्या पुढे असाल, तर मोठ्यांच्या जन्मजात हृदयदोषाचा खास विभाग असलेल्या बाहेरच्या केंद्राचं मत एकदा तरी घ्यायचं का, ते गोमेकॉतल्याच डॉक्टरांना विचारा.

खर्चाची चौकशी आधी करा. सरकारी इस्पितळात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या आणि रक्त मोफत असतं. गोवा सरकारच्या २०१६ पासूनच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्यविमा योजनेचं कार्ड असेल तर ते नूतनीकरण केलेलं आहे ना, ते पाहा. आमचं संपलेलं निघालं होतं. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. तिथे जोखमीच्या गर्भारपणाच्या कार्डावर लाल स्टिकर लावतात. लाज वाटून तो काढू नका. तो बघून पुढचा माणूस सावध होतो.

आता माहेर. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी आणि गोड रीत. पण माझं माहेर काणकोणात. तिथून बांबोळी सत्तर किलोमीटरच्या आसपास, मध्ये करमल घाट, आणि माझी तारीख ऑगस्टची. जुलैत घाटात झाड पडून रस्ता तासन्‌तास अडतो हे काणकोणच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. केरी-सत्तरी, नेत्रावळी, धारबांदोड्याच्या आतल्या गावांचीही तीच कथा. आई रुसली. शेवटी तोडगा असा निघाला की मी माहेरी न जाता माहेरच माझ्याकडे आलं. आठव्या महिन्यापासून आई फोंड्याला येऊन राहिली. फुलांची वेणी माळण्याचा सोहळाही तिथेच झाला, सातव्या महिन्यात, खुर्चीवर बसून, अर्ध्या तासात. तुमच्याकडे हे जमत नसेल तर शेवटचे चार आठवडे पणजी-बांबोळीच्या जवळ कुणा नातेवाइकाकडे राहा.

पायरी ६: नऊ महिने, भेटी आणि तपासण्या

हृदयाच्या तपासणीला पहिल्या गटात एक-दोनदा, दुसऱ्या गटात दर तीन महिन्यांनी, मधल्या गटात दर दोन महिन्यांनी, त्यापुढे दर महिन्याला जावं लागतं. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या भेटी वेगळ्या. दोन्हीकडे एकच वही न्या. दोघे डॉक्टर एकमेकांचं अक्षर त्या वहीत वाचतील, हे आपण बघायचं.

११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका. १८ ते २२ आठवड्यांत बाळाच्या हृदयाचा इको करायचा असतो. त्याची तारीख सोळाव्या आठवड्यातच मागून ठेवा, कारण तो करणारे डॉक्टर थोडे. त्यात मुलगा की मुलगी हे विचारायचं नाही, तो गुन्हा आहे. विचारायचं ते एवढंच: चारही कप्पे दिसले का, दोन्ही मोठ्या धमन्या आपापल्या जागी आहेत का. माझ्या वेळी डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. मूठभर अंधारात शेंगदाण्याएवढं काहीतरी फडफडत होतं आणि त्यात लाल-निळा रंग नीट वेगवेगळा वाहत होता. माझ्या हृदयात जन्मतः दोन्ही बाजूंचं रक्त मिसळत होतं.

२८ आठवड्यांनंतर बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफी जास्त होतात, कारण आमच्यासारख्यांची बाळं थोडी लहान किंवा थोडी लवकर येण्याची शक्यता असते.

इथे एक इशारा. सातव्या महिन्यात मला पोटात कळ आली म्हणून आम्ही रात्री जवळच्या एका नर्सिंग होममध्ये गेलो. वही दाखवायच्या आधीच कळा थांबवायच्या गोळ्या हातात ठेवल्या. तासाभरात नाडी १३० वर गेली आणि हात थरथरायला लागले. आयसॉक्सुप्रिनसारखी औषधं हृदयाची धाव वाढवतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कुठेही गेलात तरी तोंडातून निघणारं पहिलं वाक्य हेच असू दे: ‘माझ्या हृदयाचं ऑपरेशन झालंय.’ मग बाकीचं.

पायरी ७: रोजचं जगणं

मीठ. आपल्या जेवणात ते भाजीपेक्षा तोंडी लावण्यात लपलेलं असतं. पेजेबरोबरचा खारा बांगडा, मिस्कूट म्हणजे कैरीचं लोणचं, मिठाच्या पाण्यातली तोरं (छोट्या कैऱ्या), सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर. डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात तेव्हा या गोष्टी सोडायच्या, आमटी अळणी करून उपयोग नाही. ताजी मासळी खा, तारले आणि बांगडे उत्तम. मोरी (शार्क) आणि मोठा इसवण (सुरमई) टाळा, मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त असतो.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खायच्या आधी, वजन करा आणि लिहा. आठवड्यात दोन किलो वाढलं तर ते बाळ नव्हे, बहुतेक पाणी आहे. झोपताना डाव्या कुशीवर.

संध्याकाळी पावलं थोडी सुजणं, जिना चढून दम लागणं हे सगळ्याच गर्भार बायकांना होतं. पण आडवं पडल्यावर धाप लागणं, रात्री दचकून उठून बसावं लागणं, एक उशी पुरत असताना तीन लागणं, गुलाबी फेसाचा खोकला, धडधडीबरोबर चक्कर किंवा शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, एकाच पायाला दुखरी सूज, ओठ निळे पडणं: यांतलं एकही झालं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८.

पायरी ८: बाळंतपणाचं एक पान

३२ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सगळ्या डॉक्टरांकडून एक पान लिहून घ्या. भूलतज्ज्ञांना आधीच भेटा. बाळंतपण सहसा रात्री, रविवारी किंवा चतुर्थीच्या दिवशी सुरू होतं, आणि तेव्हा तुम्हाला ओळखणारे डॉक्टर ड्युटीवर नसतात. म्हणून ते पान.

त्यात काय हवं? दोष आणि ऑपरेशन एका ओळीत. शेवटच्या इकोचा निकाल. चालू औषधं. बाळंतपण कसं ठरलंय ते. सलाईन किती आणि किती हळू. वार पडताना कोणतं इंजेक्शन द्यायचं: ऑक्सिटोसिन हळूहळू थेंबाने देतात, मेथिलएर्गोमेट्रिन रक्तदाब चढवतं म्हणून बहुतेक हृदयरुग्णांना टाळतात, आणि फुप्फुसातला दाब जास्त असेल तर कार्बोप्रोस्टही टाळतात. हृदयात अजून छिद्र शिल्लक असेल तर सलाईनच्या नळीत हवेचा बुडबुडा जाता कामा नये, हेही लिहा. आणि नंतर किती तास मॉनिटरवर ठेवायचं.

सिझेरियनबद्दल मोठा गैरसमज आहे. हृदयाचं ऑपरेशन झालं म्हणजे पोट कापूनच, असं अनेक घरांत धरून चालतात. उलट आमच्यातल्या बहुतेकींना नैसर्गिक बाळंतपणच बरं, त्यात रक्त कमी जातं आणि जंतुसंसर्ग व गुठळीचा धोका कमी. सिझेरियन लागतं ते बाळंतपणाच्या नेहमीच्या कारणांनी, किंवा महाधमनी फार रुंदावली असेल, हृदय अगदी थकलं असेल, फुप्फुसातला दाब खूप असेल, किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना कळा सुरू झाल्या तर. कारण ती गोळी बाळाचंही रक्त पातळ करते. म्हणून धातूची झडप असलेल्यांना साधारण ३६व्या आठवड्यात गोळीवरून हेपरिनवर आणतात. ४० आठवड्यांपलीकडे वाट बघत बसू नये, कळा आणायच्या का ते आधीच ठरवावं.

पायरी ९: तो दिवस

कळा सुरू झाल्या की एपिड्युरल, म्हणजे पाठीतून देतात ती कळा कमी करणारी भूल, लवकर मागा. कळ सोसली म्हणजे आई झाली असं मानणाऱ्यांना बाहेर बसवा. दुखण्याने नाडी आणि रक्तदाब चढतो, एपिड्युरलने हृदयाला विसावा मिळतो. फॉन्टन झालेल्या किंवा डावी बाजू अरुंद असलेल्यांना भूल फार जपून, हळूहळू देतात. डाव्या कुशीवर राहायचं, नर्स उताणं करायला लागली तर आठवण करून द्यायची. शेवटच्या टप्प्यात श्वास कोंडून जोर लावण्यापेक्षा चिमटा किंवा व्हॅक्युम लावून बाळ बाहेर काढतात. ते काही बिघडल्याचं लक्षण नसतं, आधीच ठरलेलं असतं. माझ्या पानावर ते लिहिलेलं होतं म्हणून मी घाबरले नाही.

पायरी १०: बाळ झाल्यावर

पहिले २४ ते ४८ तास, वरच्या गटांत ७२ तास, देखरेखीखालीच राहायचं. तिसऱ्या दिवशी घरी सोडा म्हणून घाई करू नका. सहावीची पूजा इस्पितळातून आल्यावरही होते.

घरी आल्यावर बाळंतिणीची रीत पाळा, पण थोडी बदलून. बंद खोलीतली शेगडी नको. त्या धुराने माझी छाती भरून आली होती. शेक गरम पाण्याच्या पिशवीने घ्या. चाळीस दिवस आडवं पडून राहणंही नको, गुठळीचा धोका बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जास्त असतो. दुसऱ्या दिवसापासून खोलीत चाला. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल खा, काढे मात्र विचारल्याशिवाय नको, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. अंगावर पाजायला बहुतेकींना हरकत नसते. वॉरफरिन चालू असतानाही पाजता येतं.

पुढचं मूल, किंवा मूल नको हा निर्णय, सहा आठवड्यांच्या भेटीतच बोलून घ्या. माला-डी, माला-एनसारख्या गोळ्यांत इस्ट्रोजेन असतं, त्याने गुठळीचा धोका वाढतो. जास्त जोखमीच्या हृदयदोषात त्या टाळतात. तांबी, हार्मोनची तांबी, सरकारी केंद्रात मिळणारं अंतरा इंजेक्शन किंवा छाया गोळी यांतलं काय चालेल ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. मुलं पुरेशी झाली असतील तर नवऱ्याची नसबंदी हा सगळ्यांत सुरक्षित मार्ग आहे, कारण त्यात तुमच्या हृदयाला हातच लागत नाही. हे मी आमच्या घरात बोलले तेव्हा थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग माई म्हणाल्या, ‘तिने नऊ महिने काढले, तू एक दिवस काढ.’

सहा आठवड्यांनी इको, सहा महिन्यांनी पुन्हा, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसं आयुष्यभर. बाळ रांगायला लागलं की ही तारीख हमखास विसरते. माझी चतुर्थीनंतरच्या आठवड्यात आहे. फ्रिजवर लावलेल्या कालनिर्णयवर माईंनी ती लाल पेनाने गोल केली आहे.